न उघडलेली गाडी

बोल्टवर पाना लावायची गरजच पडली नाही. सुदर्शन सरांनी हातमोज्यातल्या दोन बोटांनी तो धरला आणि बाटलीचं झाकण फिरावं तसा तो फिरला.

एरवी अशा वेळी सर कॅमेऱ्याकडे बघून एखादा टोमणा मारत. या वेळी ते वाकलेलेच राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "अरेच्चा. हे काय?"

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतली ती शेड एकदम शांत झाली. मधल्या टेबलावर 'ऋतु' नावाच्या इलेक्ट्रिक गाडीचा बॅटरी पॅक झाकण काढून ठेवलेला होता, दिवाणाएवढा मोठा आणि सपाट. सरांनी शेजारचा बोल्ट धरला. तोही फिरला. त्याच्या पलीकडचाही.

"कारखान्यात बोल्ट आवळला की त्यावर रंगाची रेघ मारतात," सर आता कॅमेऱ्याकडे वळले. "बोल्टवरून खालच्या तांब्याच्या पट्टीवर. बोल्ट हलला की रेघ तुटते. ही बघा, तुटलेली. या पट्टीतून गाडीची सगळी वीज जाते. सांधा ढिला म्हणजे उष्णता. आणि उष्णता वाढली की काय होतं, ते मांजरी गावच्या लोकांना विचारा."

कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या प्रियदर्शनीने डोळे मिटले. सापडलं, तिला वाटलं. नागोरावकाका, सापडलं.

'उकल' ही कंपनी नव्या इलेक्ट्रिक गाड्या विकत घ्यायची आणि शेवटच्या स्क्रूपर्यंत सुट्या करायची; या कामाला 'टीअरडाऊन' म्हणतात. शेड हडपसरला, ऑफिस खराडीला. सुट्या होत जाणाऱ्या गाडीसमोर उभे राहून सुदर्शन सर बोलायचे. हा जोड उत्तम. इथे काटकसर केली. ही तार इथून न्यायची बुद्धी कोणाला झाली, त्याचा सत्कार करा. त्यांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यांत गेलं होतं आणि ते ऐकताना कळायचं. व्हिडिओ लोकांना फुकट मिळत. सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या सविस्तर अहवाल विकत घेत. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला सरांचं एक ठरलेलं वाक्य असे: "आपण एक शीत दाबून बघतो. भात शिजलाय की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

या बोलण्याची किंमत किती, ते ठरवणं हे प्रियदर्शनीचं काम. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तिने सरांच्या एका व्हिडिओखाली लांबलचक प्रतिक्रिया लिहिली होती. तुम्ही सांगितलेल्यापैकी कोणत्या गोष्टी गाडी उघडून कळू शकतात आणि कोणत्या कळू शकत नाहीत, अशी ती वर्गवारी होती. सरांनी उलट फोन केला. "एवढा वेळ आहे आपल्याकडे, तर पगार घेऊन करा की हे." तेव्हापासून व्हिडिओ बाहेर जाण्याआधी ती प्रत्येक वाक्याला रंग द्यायची. जे पडद्यावर दिसतं ते हिरवं. जे दिसण्यावरून ओळखलं ते पिवळं. आणि गाडी उघडून जे कळूच शकत नाही, ते लाल. लाल वाक्यं कापली जायची. सर कुरकुरायचे, पण कापायचे.

'ऋतु' उघडायची, हा हट्ट तिचाच होता.

ती मांजरीला राहायची. उसाच्या शेतावर उभ्या राहिलेल्या 'हरितबन' सोसायटीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने. तिथले वॉचमन नागोराव हिंगोली जिल्ह्यातले, कळमनुरीकडचे. तिचं गाव तिथून दोन कोसांवर. ती आपल्या भागातली, बौद्ध घरातली म्हटल्यावर ते इतरांना करायचे तसा राम राम तिला करायचे नाहीत. गेट उघडताना हात वर करून म्हणायचे, "जय भीम, ताई. आज लवकर?" स्वतः वारकरी माणूस, गळ्यात माळ. तिला ते फार आवडायचं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी सोसायटीच्या पार्किंगला आग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्यांची 'ऋतु' तिथे चार्जिंगला लावलेली होती. तिला लागूनच भिंतीच्या कडेला नागोरावांची केबिन, आणि केबिनमध्ये चहापाण्यासाठी विजेची शेगडी. मेन स्विच पार्किंगच्या आतल्या टोकाला होता. तो बंद करायला नागोराव धुरात गेले आणि बाहेर आले नाहीत.

गाडी आणि केबिन दोन्ही जळून एकच काळा ढीग झाला होता. पंचनाम्यात लिहिलं गेलं: शेगडीमुळे आग लागल्याची शक्यता. गाडीच्या कंपनीने सांगितलं, आमच्या गाडीत दोष नाही. सोसायटीचे सेक्रेटरी संभाजीराव मांजरीचेच. इमारत ज्या शेतावर उभी होती, ते कधीकाळी त्यांच्या भावकीचं. ते मीटिंगमध्ये म्हणाले, "मेलेल्या माणसाला बोलू न्हाय. पण लोकांच्या एवढ्या गाड्या जळाल्या, त्याचं काय? शेगडी ठेवू नका म्हणून मी कितींदा सांगितलं हाय." नागोरावांची बायको वेणूबाई सोसायटीची झाडलोट करायची. पाण्याच्या टाकीमागची खोली महिनाअखेर रिकामी करा, असं तिला सांगण्यात आलं.

दिवसकार्याला गावाकडून आलेल्या दिराने विचारलं होतं, "वहिनी, लोकं म्हणत्यात, दादानंच आग लावली?"

वेणूबाईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. नंतर प्रियदर्शनीला म्हणाली, "नाव तरी राहू द्यायचं, माय. माणूस तर गेलाच."

म्हणून प्रियदर्शनी सरांच्या मागे लागली होती. "सर, तेच मॉडेल उघडू. दोष असेल तर दिसेल."

"आणि नसला तर?"

"नसला तर नाही, असं सांगू."

"बघ हं," सर म्हणाले होते. "तुझ्या डोळ्यांत आत्ताच निकाल लागलेला दिसतोय मला."

पण तीन बोल्ट ढिले निघाले होते, अख्ख्या शेडसमोर. तिने वाक्यांना रंग दिला. 'हे बोल्ट ढिले आहेत' हे पडद्यावर दिसत होतं. हिरवं. 'रेघ तुटलेली आहे', हिरवं. 'कारखान्यातून गाडी अशी बाहेर आली' या वाक्याशी ती थोडी थांबली. गाडी नवीकोरी, शोरूममधून थेट आणलेली. मग दुसरं काय असणार? तिने पिवळा द्यायला हवा होता. तिने हिरवा दिला.

व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. मराठी वाहिन्यांनी त्यातला बोल्ट फिरतानाचा तुकडा पुन्हा पुन्हा दाखवला. वेणूबाईला एक वकील आपणहून भेटायला आला. 'ऋतु'वाल्यांनी सोसायटीची माफी मागावी, असा ठराव हरितबनने केला, आणि खोली रिकामी करण्याचा विषय कोणी काढेनासं झालं. संभाजीरावांनी स्वतः नागोरावांचा फोटो मोठा करून आणला आणि गेटवर लावला. हार घालताना म्हणाले, "देवमाणूस. दुसऱ्यांसाठी गेला."

वेणूबाईच्या फोनवर तो तुकडा कोणीतरी घालून दिला होता. आलेल्या-गेलेल्याला ती तो दाखवायची. "हे पाहा. बोटानं फिरतंय."

एका रविवारी प्रियदर्शनी तिच्याकडे गेली, तर कोपऱ्यात नवी शेगडी होती. आग लागल्यापासून वेणूबाईने विजेच्या बटणाला हात लावला नव्हता; शेजारच्या कामवालीच्या गॅसवर ती भाकरी करून आणायची.

"मावशी, शेगडी आणलीत?"

"आता काहून भ्यायचं?" वेणूबाईने चहाचं भांडं ठेवलं. "तू दाखवून दिलंस ना, शेगडीचं काही नव्हतं म्हणून. पहिल्यांदा झोप लागली मला, माय. तुह्या त्या व्हिडिओच्या दिवशी."

चहा फार गोड होता. प्रियदर्शनीने तो सगळा प्यायला.

*

विकत जाणाऱ्या अहवालासाठी प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळलाय, ते मोजावं लागतं. किती जोर लागला, तो आकडा दाखवणारा एक पाना असतो. प्रियदर्शनी तो घेऊन शेडमध्ये बसली. हे काम तिला आवडायचं. बोल्टला पाना लावायचा, आवळायच्या दिशेने हळूहळू जोर वाढवायचा, कट्‌ असा बारीक आवाज आला की बोल्ट फिरायच्या आत थांबून आकडा वाचायचा.

पहिला घट्ट. दुसरा घट्ट. रंगाच्या रेघा सरळ, न तुटलेल्या. पहिली ओळ संपली. दुसरी संपली. सगळे एकमेकांशी इतके जुळणारे आकडे तिने कुठल्याच गाडीत पाहिले नव्हते. काम उत्तम होतं. इतकं उत्तम काम करणारा कारखाना तीन बोल्ट कसे विसरला, याचा विचार करत ती पुढे सरकत राहिली, आणि शेवटच्या ओळीशी आल्यावर तिने पाना खाली ठेवला.

अख्ख्या पॅकमध्ये ढिले बोल्ट तीनच होते, आणि शूटिंगमध्ये सरांनी उघडायचे असं ठरलेले बोल्टही नेमके तेच तीन. कॅमेरा ज्याच्याकडे जाणार नव्हता, असा एकही बोल्ट ढिला नव्हता. ढिलेपणाला शूटिंगचा क्रम कसा माहीत?

शेडच्या दाराशी तंत्रज्ञ चेतन डबा खात बसला होता. गाडी सुटी करण्याचं प्रत्यक्ष काम त्याचं. प्रियदर्शनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चेतन, ते तीन बोल्ट शूटिंगच्या आधी तू उघडले होतेस?"

"हो मग. तालमीच्या दिवशी." त्याने पोळीचा घास मोडला. "पॅकमधली वीज काढून तो रिकामा करायला नको? त्याच्या तारा तिथेच जोडाव्या लागतात. भरल्या पॅकमध्ये सरांनी हात घातला असता, तर सरांचाच टीअरडाऊन झाला असता."

"आणि परत बसवलेस ते?"

"हातानेच. दुसऱ्या दिवशी काढायचेच होते. घट्ट करून कोणाचं भलं? सरांना कॅमेऱ्यासमोर झटापट केलेली आवडत नाही." मग तिचा चेहरा बघून त्याने घास खाली ठेवला. "का? मी निळी टेप लावली होती की. मी जे जे उघडतो त्याला लावतोच. सर आले की सांगतो, मग काढतो."

"टेप नव्हती त्यावर."

"कॅमेरावाले म्हणाले असतील, फ्रेममध्ये घाण दिसते. त्या दिवशी सर आले तेच उशिरा आणि आले तेच सुरू केलं. मी मागे टेम्पो उतरवून घेत होतो."

"व्हिडिओ पाहिला नाहीस?"

"दिवसभर हेच करतो मी. घरी जाऊन परत हेच बघू?" तो हसला आणि मग त्याचं हसू थांबलं. "तो बोल्ट. टीव्हीवर दाखवतात तो. तो आपला आहे?"

तिने होकारार्थी मान हलवली. एक शीत दाबून बघतो, सर म्हणायचे. हे शीत 'उकल'च्याच माणसांनी आदल्या दिवशी चिरडून ठेवलं होतं.

*

खराडीच्या ऑफिसात सुदर्शन सरांनी आकडे वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचले. पाठ सरळ ठेवून बसणारा माणूस, पण त्यांचे खांदे खाली आले.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"हो सर."

"आयुष्यात पहिल्यांदा मी कॅमेरा विसरलो होतो. खरंच वाटलं, अरे बापरे." ते तिच्याकडे वळले. "आता मला सांग. यातून त्या जळालेल्या गाडीत दोष नव्हता, असं सिद्ध होतं?"

"नाही."

"होता, असं?"

"तेही नाही. काहीच सिद्ध होत नाही."

"मग घाई कसली? तुझ्या त्या मावशींना जाऊन सांगशील आधी? नाही ना?" त्यांनी टेबलावरचा एक कागद तिच्याकडे सरकवला. "पण गुरुवारी 'ऋतु'चे इंजिनिअर येतायत. पॅक त्यांना स्वतः तपासायचाय. हक्क आहे त्यांचा. ते तुझ्यासारखेच ओळीने मोजत जातील आणि तुला जे कळलं, ते त्यांना कळेल."

खिडकीतून खाली नदीच्या बाजूचे काचेचे टॉवर दिसत होते. सर तिकडे बघत म्हणाले, "बाकीचेही काही ढिले असते, तर प्रश्नच नव्हता."

प्रियदर्शनीला आधी ते वाक्य नुसतं ऐकू आलं. अर्थ नंतर पोचला.

"सर?"

"मी काही सुचवत नाहीये. भौतिकशास्त्र सांगतोय. बोल्ट ढिला का झाला, ते बोल्ट सांगत नाही. हे तुझंच वाक्य ना?"

"जळालेली गाडी अजून असेल," ती म्हणाली. "तीच उघडली पाहिजे, सर. तांब्याचे सांधे वितळले तरी कुठे वितळले, किती वितळले, ते राहतं. खरी ती गाडी आहे. आपण नुसती तिच्यासारखी उघडली."

"मग शोध," सर म्हणाले. "आहे गुरुवारपर्यंत वेळ."

ती त्याच दिवशी गेली. जळालेली गाडी टोइंगवाल्यांनी सोलापूर रस्त्याच्या कडेला एका आवारात नेऊन ठेवली होती. पत्र्याचं कुंपण, आत अपघातातल्या गाड्यांच्या रांगा, आणि खुर्चीत बसून पेपर वाचणारा एक माणूस. तिने गाडीचं नाव सांगितलं.

"मांजरीची? जळकी? गेली की ती."

"कुठे गेली?"

"भंगारात. कापून, दाबून. इन्शुरन्सवाल्यांनी इतके दिवस हात लावू नका म्हणून ठेवली होती. फुकट जागा अडवून." त्याने पेपर घडी केला. "मग तो व्हिडिओ आला ना, बोल्ट फिरतो तो. त्यानंतर साहेब म्हणाले, आता कारण सापडलंय, हिची काय गरज? मालकाने सही दिली. त्या वॉचमनच्या वकिलालाही विचारलं होतं. तो म्हणाला, आमच्याकडे व्हिडिओ आहे."

ज्या जागी गाडी होती, तिथे जमिनीवर तेलकट काळा चौकोन उरला होता. आता तिथे एक पुढून चेपलेली रिक्षा उभी होती. प्रियदर्शनी बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिली. तिला आरडाओरडा करावासा वाटला, पण कोणावर करायचा? सगळ्यांनी व्हिडिओवर विश्वास ठेवला होता, आणि त्याला हिरवा रंग तिने दिला होता.

"काही राहिलं होतं का ताई गाडीत?" त्या माणसाने विचारलं.

*

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती शेडमध्ये एकटीच होती. पॅक टेबलावर. पाना हातात.

पहिल्या ओळीतले दोन, दुसऱ्यातला एक. इकडचा तिकडचा आणखी एखादा. अर्धा फेरा दिला की रेघ तुटते. फार जोरही लागणार नाही. ज्या कारखान्यातून गाडी आली, तिथले लोक म्हणतील आमच्याकडे असं होत नाही; सर म्हणतील, हो का? आणि सरांसारखं 'हो का' पुण्यात दुसरं कोणी म्हणू शकत नव्हतं. गेटवरचा फोटो राहील. टाकीमागची खोली राहील. वेणूबाई रात्री झोपेल. आणि कोणी सांगावं, कदाचित तेच खरंही असेल. जळालेल्या गाडीत खरोखर एक सांधा ढिला असेल. मग ती खोट्या पुराव्याने खरंच सांगत असेल.

तिने पाना बोल्टवर बसवला, या वेळी सोडवायच्या दिशेने. जोर वाढवला. आकडा चढत गेला.

बोल्ट सुटायच्या आधी काही क्षण नुसता ताण असतो, काहीच हलत नाही. त्या ताणात तिला नागोरावांचा हात आठवला, गेट उघडताना वर केलेला. धुरात ते स्विच शोधत गेले, तेव्हा आग कशाची आहे हे त्यांना माहीत होतं का? असेल. ते एकटेच असे होते, ज्यांनी ती सुरू होताना पाहिली असेल. त्यांच्याबरोबर ते गेलं. आता त्या जागी तिने काहीही भरलं, तरी ते नागोरावांनी पाहिलेलं नसेल. तिने बसवलेलं असेल, हाताने, दुसऱ्या दिवशी काढण्यासाठी.

तिने पाना काढून घेतला. रेघ सरळ होती.

चेतन परत आला तेव्हा ती टेबलाशी बसून त्या तीन बोल्टांना निळी टेप लावत होती.

"आता लावून काय उपयोग?" तो म्हणाला.

"काही नाही."

संध्याकाळी तिने सरांना फोन केला. भंगाराचं सांगितलं. मग म्हणाली, "ते वाक्य लाल आहे, सर. मी चुकीचा रंग दिला होता."

"उद्या सकाळी ते यायच्या आत रेकॉर्ड करू," सर म्हणाले. "चेतनचं नाव येणार नाही. तालमीचा नियम माझा, व्हिडिओ माझा. आणि हे बघ, तुझ्या मावशींना टीव्हीवरून कळू देऊ नकोस."

*

वेणूबाई टाकीमागच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. "ये माय. बस." तिने सूप बाजूला केलं. "वकील म्हणत होते, पुढच्या तारखेला मोठ्या पडद्यावर दाखवणार हायेत ते. बोल्टाचं."

प्रियदर्शनी बसली. वाटेत तिने वाक्यं तयार केली होती, पण ती सगळी ऑफिसातली होती. शेवटी तिने सरळ सांगितलं. तो बोल्ट आम्हीच आदल्या दिवशी उघडला होता. आम्हीच तो ढिला बसवला. मग आम्हीच तो शोधून काढला. कोणी मुद्दाम नाही केलं. पण ते खरं नव्हतं.

वेणूबाई ऐकत होती. तांदळातला एक खडा तिच्या बोटांत तसाच राहिला.

"म्हंजे गाडीत काही नव्हतं?"

"तसं नाही. असेलही. आता कळणार नाही, मावशी. ती गाडी भंगारात गेली."

"आणि शेगडी? केबिनातली?" वेणूबाईने एकदम विचारलं. "ती पाहून कळंल का? तू पाहतीस ना उघडून?"

प्रियदर्शनीने मान वर केली. इतक्या दिवसांत गाडीच्या मागे लागताना त्या शेगडीचा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता. "कुठे आहे ती?"

"जिन्याखाली होती, जळक्या सामानात. मग तो व्हिडिओ आला, तव्हा संभाजीराव म्हणले, आता काय कामाची. कचऱ्याच्या गाडीत दिली." वेणूबाईने खडा जमिनीवर ठेवला, अगदी जपून. "मीच सांगितलं होतं ह्यांना."

"काय?"

"त्या दिवशी. मी वर जिना झाडत होते. वरूनच आवाज दिला, म्हणलं, पाणी ठेवा तापत, येतेच मी खाली, चहा करू. हो म्हणले. ठेवलं का नाही, मला ठावं नाही. ठेवून झोप लागली का, तेही ठावं नाही. मी पोलिसाला सांगितलं नाही. कोणालाच नाही." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "रोज रात्री तेच. आवाज दिला नसता तर. मग तू व्हिडिओ आणलास. तव्हापासून गेलं होतं डोक्यातून."

बाहेर टाकीत पाणी पडत होतं. टाकी भरल्यावर ते थांबलं.

"तू शिकलेली हायेस," वेणूबाई म्हणाली. "खरं सांग. शेगडीच असंल का?"

नाही म्हणणं सोपं होतं. एकच शब्द, आणि तो पडताळून बघायला जगात आता काहीच शिल्लक नव्हतं.

"माहीत नाही, मावशी."

"कव्हाच कळणार नाही?"

"नाही."

वेणूबाईने मान हलवली. मग म्हणाली, "न सांगता राहिली असतीस, तर काय झालं असतं?"

"आज ना उद्या गाडीवाल्यांनीच सांगितलं असतं. कोर्टात. सगळ्यांसमोर."

"म्हणून आलीस?"

प्रियदर्शनीने यावर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "फक्त म्हणून नाही."

वेणूबाईने फोन उचलला, उलटा करून गादीखाली ठेवला. मग ती उठली. कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेलं होतं, पाणी कोमट झालं होतं. पाहुणी आली तशी तिने बसल्या जागेवरून बटण दाबलं असणार. तिने बटण बंद केलं. भिंतीतून पिन ओढून काढली. शेगडी गार व्हायची वाट बघत ती तिथेच उकिडवी बसली, आणि गार झाल्यावर वायर तिच्याभोवती गुंडाळून, दार उघडून, ती बाहेर टाकीच्या कट्ट्यावर ठेवून आली.

"चहा नाही पाजता येणार आज," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.